वाकळ भिंतीवर टांगताना : ॲलिस वॉकर यांच्या एका कथेच्या निमित्ताने

काळ्या लेखकांच्या साहित्याशी दलित साहित्याचे नाते सांगण्याची आपल्याकडे एक रीतच पडून गेली आहे. 'पँथर' हे नाव तिकडून आले, 1972 साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, डॉ. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी अमेरिकेतील काळ्यांच्या साहित्याची ओळख मराठी वाचकाला करून दिली, हे सारे आपण व्यासपीठावरून सांगत असतो. ते खोटे नाही. पण हे नाते सांगताना आपण घोषणेपाशी, मोर्चापाशी आणि फार तर कवितेपाशी थांबतो. घरात शिरत नाही. चुलीपुढची भांडी, उतरंड, अंथरूण-पांघरूण, सुई-दोरा असा विषय निघाला की तो बायकांचा म्हणून बाजूला सारतो. विद्रोहाचा आणि गोधडीचा काय संबंध, असे एका कार्यकर्त्याने मला विचारलेही होते. ॲलिस वॉकर यांच्या 'एव्हरीडे यूज' या कथेत हाच प्रश्न उभा आहे, आणि तो वाटतो तितका सोपा नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

'रोजच्या वापरासाठी' असा या नावाचा अर्थ. कथा 1973 सालची. इंग्रजीच्या वर्गात ती शिकवली जाते, मीही शिकवली आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतील एका खेड्यात एक काळी आई आणि तिची धाकटी मुलगी मॅगी राहतात. आई अंगापिंडाने दांडगी, गड्याची कामे करणारी. मॅगी जुने घर जळाले तेव्हा भाजलेली, हातापायांवर व्रण वागवणारी, चारचौघांत बिचकणारी. थोरली डी शहरात शिकली. आईने आणि चर्चने वर्गणी जमवून तिला शाळेला पाठवले होते. ही डी एके दिवशी घरी येते ती झगझगीत आफ्रिकी पोशाखात, नवे नाव घेऊन. आता ती वान्गेरो आहे. ज्या घराची तिला लाज होती त्याच घराचे ती पटापट फोटो काढते. मग जेवता जेवता तिची नजर वस्तूंवर जाते. बापाने केलेली बाके तिला आवडतात. आजीची लोण्याची वाटी तिला हवी असते. ताक घुसळायच्या डेऱ्याचे लाकडी झाकण आणि रवी तर ती मागूनच घेते. डेऱ्यात अजून दूध आहे, ते रोज वापरात आहे, याचे तिला काही नाही; झाकण टेबलावर शोभेला ठेवायचे, रवीचेही काहीतरी कलात्मक करायचे. त्या रवीच्या दांड्यावर पिढ्यान्‌पिढ्या घुसळणाऱ्या हातांनी खळगे पाडले आहेत, आणि ते पाहते आई.

आणि शेवटी ती पेटीतून दोन गोधड्या काढते. आजीने तुकडे जोडलेल्या, आईने आणि मावशीने चौकटीवर ताणून शिवलेल्या. त्यात पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच्या आजीच्या झग्यांचे तुकडे आहेत, आजोबांच्या सदऱ्यांचे तुकडे आहेत, आणि काडेपेटीएवढा एक विटका निळा तुकडा पणजोबांच्या यादवी युद्धातल्या गणवेशाचा आहे. डीला या गोधड्या भिंतीवर टांगायच्या आहेत. आईने त्या मॅगीच्या लग्नासाठी राखून ठेवल्या आहेत. मॅगी त्या पांघरेल, पाच वर्षांत त्यांच्या चिंध्या होतील, याचा डीला संताप येतो. शिकायला जाताना तिला यातलीच एक देऊ केली होती, तेव्हा जुनाट म्हणून तिने नाकारली होती. मॅगी मात्र म्हणते की घेऊ दे तिला, मला आजी गोधडीवाचूनही आठवते. त्यावर आईच्या मनात काहीतरी हलते. ती डीच्या हातातून गोधड्या हिसकावून मॅगीच्या मांडीवर टाकते.

हा शेवट वाचून वर्गातली मुले खूश होतात. शहरी, दिखाऊ डीची जिरली, साध्याभोळ्या मॅगीला न्याय मिळाला. टिपणवह्यांतही हेच असते : डी वरवरची, मॅगी अस्सल. पांढरपेशा वाचकाला हे वाचन फार सोयीचे आहे. गरिबाने गरिबीतच अस्सल राहावे, शिकलेल्याने तऱ्हा करू नयेत, असे त्याला पहिल्यापासूनच वाटत असते. पण वाडी-वस्तीतून शिकून बाहेर पडलेल्या मुलाने किंवा मुलीने ही कथा अशी वाचावी काय? मला ते मान्य नाही.

नावाचाच प्रश्न घ्या. जे आपल्याला छळतात त्यांच्या नावावरून पडलेले नाव मला सोसवत नाही, असा डीचा दावा. आई तिला समजावते की तुझे नाव मावशीवरून पडले, मावशीचे आजीवरून. दोघींचेही खरे आहे. आईची वंशावळ आजी-पणजीपर्यंत जाते आणि तिच्यामागे मालकाच्या वहीपाशी थांबते. इथे सवर्ण वाचक डीला हसू शकतो. आपण कसे हसणार? आपल्या आज्यांची नावे दगडी, धोंडी, कचरी अशी होती. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावे पाहा. सिद्धार्थ, राहुल, गौतमी, सुजाता. ती नावे ठेवली तेव्हा गावाने टिंगल केलीच होती. नाव बदलणे ही तऱ्हा नसते, तो नकार असतो. आणि वॉकर स्वतः जॉर्जियातल्या वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबातल्या, शिकून बाहेर पडलेल्या. म्हणजे डीच्या जागेवर उभे राहूनच त्यांनी ही आई लिहिली आहे, हे विसरून चालणार नाही.

कथेत एक तारीख आहे, तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. आईची शाळा दुसरीनंतर बंद झाली ती 1927 साली. का बंद झाली हे विचारायची तेव्हा काळ्यांची छाती नव्हती. आपल्यासाठी 1927 म्हणजे महाड. मार्चमध्ये चवदार तळे, 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन. अमेरिकेतल्या एका खेड्यात एक लहान मुलगी शाळेतून घरी बसवली गेली त्याच वर्षी कोकणात आपली माणसे प्रश्न विचारू लागली होती. हा निव्वळ योगायोग आहे, त्याचे फार भांडवल करू नये. पण महाडच्या होळीत जो ग्रंथ जळाला त्याचा गोधडीशी फार जवळचा संबंध आहे.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी नियम घातले आहेत. त्यांनी मेलेल्यांची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे, दागिने लोखंडाचे घालावेत. हे नियम एकदा शांतपणे वाचा आणि मग शहरातल्या एखाद्या नव्या धनिकाच्या दिवाणखान्यात जा. तिथे कुणाची तरी जुनी वस्त्रे चौकटीत बसवून टांगलेली असतात, काळी पडलेली भांडी कोनाड्यात मांडलेली असतात, कुठल्याशा बाजारात मिळालेले जाडजूड वाळे-कडी काचेखाली असतात. हाताने चालणारे जुने शिवणयंत्र दाराशी असते, त्याच्यावर फुलदाणी. आमच्यावर जे कायद्याने लादले होते ते यांनी हौसेने विकत घेतले आहे. वस्तू तीच. फरक एवढाच की जुन्याचे कौतुक त्याला परवडते ज्याला नवे घ्यायला कुणी अडवत नाही. गावात नवे लुगडे नेसून, पायात वहाण घालून निघालेल्या माणसाला ज्यांनी मारले त्या समाजाचे नातू आज फाटक्याचे सौंदर्य सांगतात, तेव्हा मला प्रथम राग येतो. विचार त्याच्यामागून येतो.

आमच्या भागात गोधडी म्हणत नाहीत, वाकळ म्हणतात. माझी आई वाकळा शिवायची. उन्हाळ्यात कामे सरली की शेजारच्या दोघी-तिघी मिळून अंगणात बसत. नऊवारी लुगडे आधी बसण्याच्या जागी फाटते. मग तेवढा भाग काढून टाकून दंड घालायचा, म्हणजे धडाची टोके एकमेकांना जोडायची. पुन्हा फाटले की ते जुनेर झाले. जुनेराचे दोन पदर वर-खाली, मध्ये चिंध्या, बंड्या, धोतराचे धडपे, काय असेल ते. लांब सुईने काठापासून आत धावदोरा घालत यायचे. दोरा तेवढा विकत आणावा लागे. वाकळ विरली की तिच्यावर दुसरी चढवायची, आणि अगदीच गेली की पोतेरे. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आमच्या वस्तीत कधी आली नाही. द्यायला जुना कपडा उरतच नसे.

ही वाकळ पावसात भिजली तर आठवडाभर वाळत नाही, तिला कुबट वास येतो, शिवणींच्या कडेने उवा बसतात. दसऱ्याआधी सारा गाव नदीवर अंथरुणे धुवायला जायचा, आमची जागा खालच्या अंगाला. गावाच्या गोधड्या धुतलेले पाणी आमच्याकडे यायचे. हे सांगायचे अशासाठी, की वाकळेविषयी हळवे होणे मला जमत नाही.

पण आईच्या हातातले कसब मला दिसत होते, हेही तितकेच खरे. कोणता रंग कशाशेजारी घ्यायचा यावर त्या बायांचे वाद व्हायचे. हिरवा काठ मधोमध नको, कडेला घे. कोपऱ्यात लाल हवाच. हे सारे कशासाठी? रात्री अंधारात पांघरायच्या वस्तूचा रंग कोण पाहणार होते? उपयोगितेचा सिद्धांत सांगणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्राची चर्चा करताना आपण सतत म्हणतो की आमचे साहित्य सौंदर्यासाठी नाही, माणसासाठी आहे. आईला असे दोन खण करता आले नसते.

वॉकर यांच्या कथेतल्या गोधडीतला प्रत्येक तुकडा घरच्या माणसाचा आहे. आजीचा झगा, आजोबांचा सदरा, पणजोबांचा गणवेश. म्हणून तो वारसा सरळ आहे. माझ्या आजीच्या वाकळीत पाटलिणीने दिलेल्या इरकलीचा तुकडा होता, वाण्याच्या धोतराचा होता, आणि एक जाड मांजरपाटाचा पांढरा होता. तो कुणाचा हे आजी लवकर सांगत नसे. मढ्यावरचे कापड हा महाराचा हक्क. गावाने त्याला हक्क म्हटले. कुणाच्या तरी प्रेतावरून आलेल्या त्या कापडाखाली आम्ही भावंडे निजलो. पणजोबांच्या गणवेशाचा निळा तुकडा डी अभिमानाने दाखवू शकते. मी हा पांढरा तुकडा कुणाला दाखवू? आणि दाखवला नाही तर जे टांगेन ते काय असेल? काळे आणि दलित यांची तुलना करणारे आपले लेख अशा जागी अडायला हवेत, ते अडत नाहीत.

इथे कुणी म्हणेल की चिंध्यांना आपल्याच परंपरेत मान आहे. आहे. बुद्धाच्या भिक्षूंचे पांसुकूल चीवर उकिरड्यावरून, स्मशानातून वेचलेल्या कापडाचेच असे. मगधातल्या बांधाबांधांच्या भातशेतीसारखे तुकडे जोडून चीवर शिवावे, असे आनंदाला सांगितल्याचा विनयपिटकात उल्लेख आहे. गाडगेबाबा अंगावर चिंध्यांची गोधडी आणि डोक्यावर फुटके गाडगे घेऊन गावोगाव फिरले, लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. मनूने सांगितलेल्या दोन वस्तू, मेल्याचे वस्त्र आणि फुटके भांडे. एका परीट घरातल्या माणसाने त्याच पांघरून देवळातल्या बडव्यांची झोप उडवली. पण भिक्षूने चिंधी निवडली होती, गाडगेबाबांनीही निवडली होती. माझ्या आजीला कुणी विचारले नव्हते. बाबासाहेबांनी महाडला आपल्या आयाबहिणींना स्पष्टच सांगितले की जातीची ओळख पटवणारी लुगडी नेसण्याची रीत सोडा, गळ्या-हातातले कथलाचे, हलक्या धातूचे ढीग उतरवा. बायांनी ते ऐकले. आज ते दागिने जुन्या वस्तूंच्या दुकानांत पुन्हा किंमत धरून बसले आहेत.

मग वाकळ टांगायची की पांघरायची? माझ्या मते कथेने विचारलेला हा प्रश्नच अपुरा आहे, आणि तो अपुरा का, हे अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीने दाखवून दिले आहे. विल्कॉक्स काउंटीत अलाबामा नदीच्या वळणात, तीन बाजूंनी पाण्याने वेढलेली ही वस्ती. तिथल्या बहुसंख्य काळ्यांचे आडनाव आजही पेटवे आहे, कारण त्यांच्या पूर्वजांच्या मालकाचे नाव पेटवे होते. 1932 साली त्यांना उधारी देणाऱ्या व्यापाऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या घरच्यांनी वसुलीसाठी वस्तीवर धाड घातली आणि जनावरे, अवजारे, साठवलेले अन्नसुद्धा नेले. अशा जागी बायकांनी कामाच्या विजारी, पिठाची पोती, सदऱ्यांच्या बाह्या जोडून गोधड्या शिवल्या. फटी बुजवायला वर्तमानपत्रे चिकटवलेल्या लाकडी खोल्यांत थंडीला दुसरा उपाय नव्हता. मिझूरी पेटवे या बाईने 1942 साली नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. विटलेला निळा, मातकट, गुडघ्याच्या जागी कमी विटलेले चौकोन. पहिल्यांदा तिचे छायाचित्र पाहिले तेव्हा मला तिच्यात शोभा शोधावी लागली नाही आणि दुःखही शोधावे लागले नाही.

1962 साली या लोकांनी मतदार म्हणून नाव नोंदवण्याची खटपट सुरू केली तेव्हा नदीपलीकडे काउंटीच्या गावी जाणारी तर बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू झाली 2006 साली. चव्वेचाळीस वर्षे! 1965 च्या फेब्रुवारीत मार्टिन ल्यूथर किंग तिथे येऊन बोलून गेले. पुढच्याच वर्षी, 1966 साली, 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही बायकांची सहकारी संस्था निघाली. मतदानाच्या चळवळीमुळे ज्यांची कामे गेली, ज्यांना जमिनीवरून उठवले, त्या बाया तिच्यात होत्या. आमच्या कार्यकर्त्या मित्राच्या प्रश्नाचे हे एक उत्तर आहे. 1972 साली सीअर्स या मोठ्या दुकानाने त्यांच्याकडून कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवून घ्यायला सुरुवात केली. इथे मात्र रंग, माप, टाका सगळे दुकानाचे. उरलेले कॉर्डरॉयचे तुकडे बाया घरी नेत आणि रात्री स्वतःच्या मनाने गोधड्या शिवत. आज संग्रहालयांत ज्या दाखवल्या जातात त्यांत या तुकड्यांच्याही आहेत. दिवसा अभ्रे शिवून मजुरी मिळवली आणि रात्री जे शिवले त्याला जगाने कला म्हटले. 2012 साली ती सहकारी संस्था बंद झाली.

दरम्यान विल्यम आर्नेट या गोऱ्या संग्राहकाने वस्तीतल्या जुन्या गोधड्या विकत घेतल्या. 2002 साली त्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतींवर लागल्या. समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी केली. 2006 साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्यावर दहा तिकिटे काढली. त्यांच्या नक्ष्या घरसजावटीच्या वस्तूंवर छापल्या गेल्या. आणि 2007 साली वस्तीतल्या काही बाया कोर्टात गेल्या. आमच्या हातच्या कामाचा, त्याच्या प्रतिमेचा आम्हाला योग्य वाटा मिळाला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हे दावे 2008 साली तडजोडीने मिटले. आर्नेट यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. त्यांनी बायांची नावे लावली, त्यांच्या मुलाखती छापल्या, आणि ते आले नसते तर त्यातल्या कित्येक गोधड्या केव्हाच जाळून गेल्या असत्या. मी त्यांना खलनायक करत नाही. पण तिथल्या बायांनी गोधड्या भिंतीवर लावायला हरकत घेतली नव्हती, हे लक्षात घ्या. त्यांनी हिशेब मागितला. वॉकर यांच्या आईला हा तिसरा मार्ग सुचत नाही, कारण 1973 साली तिच्या दारात हिशेब देण्यासारखा खरेदीदार आलाच नव्हता, आलेली तिची मुलगी होती.

त्याही आधीची एक हकीगत सांगतो. हॅरिएट पॉवर्स ही 1837 साली जॉर्जियात गुलामीत जन्मलेली बाई. तिने बायबलातल्या प्रसंगांची आकृत्या शिवलेली गोधडी 1886 च्या अथेन्स गावच्या जत्रेत मांडली. जेनी स्मिथ या गोऱ्या चित्रकलेच्या शिक्षिकेने ती विकत मागितली. पॉवर्सने कुठल्याही किमतीला द्यायचे नाकारले. पुढे चार-पाच वर्षांनी दिवस वाईट आले तेव्हा ती स्वतः बैलगाडीतून गोधडी घेऊन आली, पिठाच्या स्वच्छ पोत्यात गुंडाळून. दहा डॉलर मागितले. पाच मिळाले. पण देण्याआधी तिने एकेका चौकोनात काय आहे ते सांगितले आणि स्मिथने लिहून घेतले. नंतर ती आपली गोधडी पाहायला पुन्हा पुन्हा त्या घरी जात असे. ती आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे. पॉवर्सचे नाव टिकले ते त्या लिहून घेतलेल्या कागदामुळे. वॉकर यांनी आपल्या 1974 सालच्या आया-आज्यांवरील निबंधात स्मिथसोनियनमधल्या अशाच एका गोधडीचा उल्लेख केला आहे. तिच्याखाली अलाबामातील एक अनामिक काळी स्त्री एवढीच नोंद होती, हे त्यांना लागले.

आपल्याकडे जुन्या घरगुती वस्तू जमवणारे झाले. पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्य घालून दिवे, अडकित्ते, भांडी, खिडक्या-दरवाजे जमवले, आपल्या गेलेल्या मुलाच्या नावाने संग्रहालय उभे केले. त्या श्रमांविषयी मला आदर आहे. पण कोणताही संग्रह जे उरते तेच जमवू शकतो, आणि ज्या घरात वस्तू झिजून नाहीशी होईपर्यंत वापरतात त्या घरातून काहीही उरत नाही. म्हणून महाराष्ट्राच्या जुन्या संसाराचे जे चित्र या पितळेतून तयार होते त्यात गावकुसाबाहेरचा संसार नसतो. नागपूरजवळ चिचोलीला वामनराव गोडबोले यांच्या प्रयत्नाने बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जतन झाल्या, त्यांत त्यांचे कोट आहेत, टाईपरायटर आहे. तो कोट मेल्याचे वस्त्र नेसायला सांगणाऱ्या ग्रंथाला दिलेले उत्तर आहे. पण रमाईच्या हातची एखादी वाकळ कुणी ठेवली असती तर तिच्यापुढेही मी तितकाच वेळ उभा राहिलो असतो.

आणि या कामात आपल्या साहित्याने आपल्याला फारशी मदत केलेली नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. आपल्या आत्मकथनांत वाकळ येते ती दारिद्र्याची खूण म्हणून. ती किती फाटकी होती हे कळते, ती कुणी कशी शिवली हे बहुधा कळत नाही. बापाची दारू, गावचा जुलूम, मास्तरांचा छळ यांना पाने मिळतात, आईच्या टाक्याला ओळ मिळत नाही. उर्मिला पवार यांनी 2003 साली 'आयदान' लिहिले तेव्हा प्रथमच आईच्या हातातले विणकाम हे लेखनाच्या बरोबरीने ठेवले गेले. आयदान म्हणजे बांबूची विणलेली भांडी-टोपल्या. आई जे विणत होती आणि मी जे लिहिते त्यांचा पीळ एकच, असे ते नाते आहे. बायकांनी लिहायला घेतल्याशिवाय हे होणार नव्हते काय? पुरुष लेखकांनी विचार करावा. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे आणि आमची थुंकी इतरांना चालत नसे. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. ज्यांना कापड विणू दिले नाही त्यांच्या बाया कापड जोडत राहिल्या, हा अर्थ आपल्या समीक्षेने कधी लावला?

उत्तर कन्नडमध्ये हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलात सिद्दी लोक राहतात. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज त्यांच्यात आहेत. घरात कोकणी बोलतात, म्हणजे भाषेनेही आपले शेजारी. त्यांच्या बाया जुन्या कपड्यांची 'कवंद' शिवतात, काठापासून सुरुवात करून गोल गोल आत जात, अगदी आमच्या आईसारखी. शेवटी कोपऱ्यांवर कापडाची फुले लावतात, त्यांशिवाय कवंद नागडी म्हणतात. अलाबामा आणि आपली वस्ती यांच्यामधली ही कडी कित्येक वर्षे आपल्या उशाशी होती, आणि आपण नाते शोधायला थेट हार्लेमला जात होतो.

हे सारे लक्षात घेऊन कथेकडे परत गेलो तर माझा आक्षेप आईच्या निर्णयावर नाही. गोधड्या मॅगीच्याच आहेत. तिला शिवता येते, ती पुन्हा शिवू शकेल, आणि वचन तिला दिले होते. माझा आक्षेप असा की मॅगीला न्याय मिळाला असे आपण मानतो तेव्हा तिच्या शाळेचे विसरतो. वर्गणी जमली ती एकीसाठीच. मॅगी अडखळत वाचते, हे आईच सांगते. दोन गोधड्या मांडीवर पडल्या म्हणून ते भरून निघत नाही. वॉकर यांनी हे लपवलेले नाही, पण कथेच्या शेवटच्या समाधानात, आई आणि मुलगी अंगणात निवांत बसतात त्या सावलीत, ते झाकले जाते. आणि डी? फोटो काढणारी, नाव बदलणारी, सर्व वस्तू मागणारी डी गाडीत बसून निघून जाते. तिला कुणी म्हटले नाही की बस इथे आठ दिवस, प्रत्येक तुकडा कुणाचा ते आईला विचार आणि लिही. शिकलेल्या मुलीचा तोच तर उपयोग होता.

अलीकडे काही विद्यार्थी-विद्यार्थिनी आपापल्या वस्तीतल्या जुन्या वस्तू जमवण्याच्या खटपटीला लागले आहेत. पाटे, जाती, सुया, वाकळा, हलग्या. त्यांतल्या एकीने मला नोंदीचा तक्ता दाखवला. वस्तूचे नाव, काळ, लांबी-रुंदी, सामान, कुणी दिली, असे रकाने होते. मी तिला आणखी चार सुचवले : कुणी केली, कापड कुणाकुणाच्या घरून आले आणि कशाच्या बदल्यात, करणारी शाळेत कितवीपर्यंत गेली, आणि वस्तू विकली गेली तर पैसे कुणाला जातील. चौथ्या रकान्यावर तिच्या सोबतच्या मुलाने वाद घातला. हे संग्रहालय आहे, दुकान नव्हे, असे त्याचे म्हणणे. तो वाद अजून चालू आहे.